थंडीने सावकाश जावे

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या घरात रोज फजरनंतर दोन दुआ मागितल्या जात होत्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. पडवीत खुर्चीवर बसून नमाज पढणारे अब्बा हात उचलून म्हणायचे, "या अल्लाह, अजून थोडे दिवस थंडी राहू दे." आतल्या खोलीत अम्मी मुसल्ल्यावर बसून म्हणायच्या, "या अल्लाह, ही थंडी लवकर जाऊ दे." आम्ही दोघे मध्ये चहा टाकत उभे असायचो आणि दोन्हीकडे आमीन म्हणायचो.

अब्बांची दुआ बागेसाठी होती. अम्मींची अब्बांसाठी.

आम्ही रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यात राहतो. दोघेही शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. अब्बांचे आयुष्य जहाजावर, इंजिन रूममध्ये गेले. निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी ठरवले होते की उरलेले दिवस जमिनीवर, झाडांत काढायचे. आजोबांनी लावलेली हापूसची पस्तीस कलमे होती. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकले. दुपारी काही तासांत पस्तीसपैकी अठ्ठावीस कलमे मुळासकट आडवी झाली. ज्यांची सुपारीची वाडी, नारळ, आंबा त्या दिवशी गेला, त्या वाचकांना वेगळे सांगायला नको. घराचे पत्रे पुन्हा बसवता येतात, चाळीस वर्षांचे झाड पुन्हा उभे करता येत नाही.

अब्बा दोन दिवस बागेकडे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "खड्डे खणायला माणसे बघा." त्याच पावसाळ्यात त्यांनी चाळीस नवी कलमे लावली. तेव्हा ते सत्तरीच्या जवळ आले होते. आंबा कधी लागणार, असे कोणी विचारले की म्हणायचे, "लावणे आपल्याकडे आहे, बाकी त्याच्याकडे."

नव्या कलमाला पहिली काही वर्षे मोहर आला तरी ठेवायचा नसतो, खुडून टाकायचा असतो. झाडाने आधी अंग धरावे, मग फळ. त्यामुळे गेली काही वर्षे दर डिसेंबरात आम्ही मुलांना घेऊन बागेत जायचो आणि आलेला मोहर हाताने काढून टाकायचो. धाकटा विचारायचा, "दादा, आलेला मोहर का तोडायचा?" अब्बा म्हणायचे, "सब्र शिकवतोय झाडाला." यंदा पहिल्यांदाच अब्बांनी सांगितले, "आता ठेवा."

म्हणून थंडी हवी होती. हापूसला मोहर येण्यासाठी पावसानंतर जमीन कोरडी व्हावी लागते, पालवी जून व्हावी लागते आणि मग रात्री थंड आणि दिवसा लख्ख ऊन असे दिवस यावे लागतात. थंडी उशिरा आली तर मोहर उशिरा येतो. मोहराऐवजी पालवीच फुटली तर त्या फांदीवर त्या वर्षी आशा ठेवायची नाही. ढगाळ हवा आणि धुके असेल तर भुरी पडते, तुडतुडे वाढतात आणि मोहर काळा पडून गळतो. आपल्याकडचा बागायतदार हिवाळाभर आकाशाकडे बघत असतो तो उगाच नाही.

पण त्याच थंड रात्री अब्बांच्या छातीला सोसत नव्हत्या. दम्याचा त्रास जुना आहे, गेल्या दोन हिवाळ्यांत तो फार वाढला. नोव्हेंबरातच डॉक्टरांनी सांगितले होते, "थंडी जाईपर्यंत सांभाळा." हे वाक्य घरात सगळ्यांच्या तोंडी बसले. मोठ्या बाजाराला जायचे आहे? थंडी गेली की जाऊ. भिंतींना रंग द्यायचा आहे? थंडी जाऊ दे. मुंबईहून फूफी यायचे म्हणतात? थंडी सरली की बोलावू. जणू सगळे घर फाल्गुनाच्या दारात रांग लावून उभे होते.

वाट बघण्याचे दिवस रिकामे असतात असे वाटते. आमचे तसे नव्हते. पहाटे साडेचारला उठून अंगणातला बंब पेटवायचा, पण वारा कुठून आहे ते बघून, म्हणजे धूर पडवीत येणार नाही. अब्बांच्या वजूसाठी कोमट पाणी, त्यांच्या पंपाची वेळ, वाफेच्या मशीनमध्ये औषध. अम्मी लसूण घालून तेल कढवतात आणि त्यांच्या पाठीला चोळतात. डॉक्टरांना आम्ही त्याबद्दल विचारले, ते हसून म्हणाले, "तेलाने दमा जात नाही, पण चोळणारा हात असेल तर चांगलेच आहे." मग स्वयंपाकघर. तांदळाची भाकरी, रात्रीचे सुक्या बोंबलाचे कालवण, वालाच्या शेंगा, सुंठ घातलेला काळा चहा. थोरली यंदा दहावीला, ती गोधडी पांघरून भूमितीची प्रमेये पाठ करत बसलेली. पुस्तक उघडे आणि डोळे मिटलेले दिसले की धाकटा तिच्या कपाळावर गार वाटी ठेवायचा आणि मग घरात एकच आरडाओरडा.

शाळेतही थंडी सोबत यायची. जानेवारीत परिपाठ आम्ही सावलीतून उन्हात आणतो. मुले रांग सोडून हळूच उन्हाच्या पट्ट्याकडे सरकतात, ते दिसत असून न दिसल्यासारखे करावे लागते. एकदा सहावीच्या वर्गात उर्दूच्या तासाला बहार हा शब्द आला. फळ्यावर लिहिले, अर्थ सांगितला, खिजाँ म्हणजे पानगळ आणि तिच्यानंतर येते ती बहार. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील बागेत मजुरीला जातात. म्हणाला, "पण आपल्याकडे तर पानगळ व्हायच्या आधीच आंब्याला बहार येते."

त्याचे बरोबर होते. उर्दूत बहार ज्या देशांतून आली तिथे बर्फ पडतो, झाडे उघडी होतात आणि मग फूल येते. आपल्याकडे मोहर भर थंडीत येतो. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला आम्ही तोच धागा पुढे नेला. हा शब्द मराठी शेतकऱ्याने कधीच आपला करून घेतला आहे. संत्री, मोसंबी, डाळिंबाचे बागायतदार मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत, आंबा मोहरतो त्या सुमारास जो फुलोरा येतो तो आंबे बहार. आणि वसंत पंचमी तरी कधी येते? माघात, म्हणजे शिशिर ऋतूतच. वसंताचे नाव घेतो तेव्हा दारात अजून थंडीच उभी असते. त्या मुलाला आम्ही वर्गासमोर शाबासकी दिली. घरी येऊन ही गोष्ट अब्बांना सांगितली तर ते बराच वेळ हसले, आणि हसताना त्यांना ढास लागली.

जानेवारीच्या मध्यावर मुलांनी पोपटीचा हट्ट धरला. आमच्या भागात थंडीत पोपटी झाली नाही तर हिवाळा आला असे मुलांना वाटतच नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडे मीठ, वरून पुन्हा पाला. मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. आम्ही नाही म्हटले, कारण जाळ म्हणजे धूर. दोन्ही मुले गप्प झाली. समजूतदार मुलांचे गप्प होणे ओरडण्यापेक्षा जड जाते. अब्बांनी ते ऐकले. म्हणाले, "माझ्या छातीसाठी पोरांचा हिवाळा बंद करू नका. शेजारच्या तात्यांच्या शेतात लावा, ते लांब आहे. आणि माझा वाटा झाकून आणा."

तात्यांनी स्वतः पेंढा आणि काटक्या रचून ठेवल्या. त्यांच्याकडची मंडळी, आमची मुले, गल्लीतली दहा-बारा पोरे. मडके फोडले तेव्हा वाफेबरोबर भांबुर्ड्याचा वास सगळ्या शेतावर पसरला. शेंगा आणि एक अंडे केळीच्या पानात बांधून धाकटा घरी धावला. अब्बांनी चार शेंगा खाल्ल्या, पान नाकाशी धरले आणि म्हणाले, "मीठ कमी पडले." त्यांना तिथे बसता आले नाही याचे त्यांना वाईट वाटले होते, ते त्यांनी मिठावर काढले.

त्यानंतर पाचव्या रात्री अब्बांना धाप लागली. पंप दिला, उतरली नाही. वाफेचे मशीन लावले आणि चार मिनिटांत वीज गेली. मशीन थांबले. अंधारात फक्त त्यांच्या श्वासाचा आवाज, करवतीने लाकूड कापावे तसा. थोरलीने मोबाईलचा उजेड धरला, तिचा हात थरथरत होता. आम्ही गाडी काढली तर थंडीने तीही सुरू होईना. तात्या बनियनवर शाल टाकून आपली जीप घेऊन आले. तालुक्याच्या गावापर्यंतचा घाटाचा रस्ता नेहमी पाऊण तासाचा, त्या रात्री किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. अम्मी पूर्ण वाटेत अब्बांची पाठ धरून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सुया दिल्या. पहाटे श्वास थोडा जागेवर आला. अब्बांनी तोंडावरचा मास्क बाजूला करून पहिला प्रश्न विचारला, "बाहेर धुके आहे का?" आम्हाला क्षणभर कळलेच नाही. मग समजले, ते मोहराबद्दल विचारत होते. अम्मी एरवी त्यांच्यावर कधी रागावत नाहीत, त्या दिवशी रागावल्या. "अहो, झाडे पुन्हा लावता येतात." अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी मास्क परत लावला.

चार दिवसांनी आम्ही त्यांना घरी आणले. पुढच्याच आठवड्यात इन्व्हर्टर बसवला. तो आधीच घ्यायला हवा होता. पैसे दहावीच्या क्लासला गेले, मग फवारणीला गेले, आणि ते राहून गेले. ज्यांच्या घरी असे मशीन आहे त्यांनी आमच्यासारखे करू नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.

आता आम्हीही अम्मींच्या बाजूला झालो होतो. पुरे झाली थंडी. पण जानेवारी संपला तरी ती हटेना. पहाटे कौलांवरून दहिवर थेंब थेंब गळायचे, आणि बागेत वेगळेच दिसू लागले. डिसेंबरच्या मोहराला कणी धरली होती, वाटाण्याएवढी, काही गोटीएवढी. तीच झाडे पुन्हा मोहरू लागली. पाहणाऱ्याला वाटावे काय भाग्य, दुसऱ्यांदा मोहर. पण अब्बांना पडवीत बसून सांगावे लागले नाही, त्यांनी डहाळी हातात घेतली आणि ओळखले. थंडी लांबली की हापूसला पुनर्मोहर येतो. झाड आपली ताकद नव्या मोहराला देते आणि आधी धरलेली फळे गळतात. धाकटा रोज झाडाखालून ओंजळभर हिरव्या गोट्या आणायचा. अम्मी त्यांची चटणी करायच्या, आणि ती कोणालाच गोड लागायची नाही.

त्या दिवशी फजरनंतर आम्ही चहा घेऊन गेलो तर अब्बांचे हात अजून वर होते. ते म्हणत होते, "या अल्लाह, आता थंडी जाऊ दे." मग थांबून म्हणाले, "पण सावकाश जाऊ दे." कारण एकदम ऊन तापले तर उरलेली फळेही टिकत नाहीत. आणि डॉक्टरांनीही तेच सांगितले होते, ऋतू बदलताना, पहाटे गार आणि दुपारी कडक ऊन असे दिवस असताना, दम्याच्या माणसाला जास्त जपावे लागते. बागेला आणि अब्बांना पहिल्यांदाच एकच गोष्ट हवी होती. त्या सकाळी आमच्या आमीनचे दोन तुकडे करावे लागले नाहीत.

शबे-बरात फेब्रुवारीच्या सुरुवातीला होऊन गेली. आता रमजान दारात आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत फिरत जवळजवळ तेहतीस वर्षांनी त्याच जागी येतो. 1993 साली रमजान असाच फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो. अब्बा जहाजावरून सुट्टीवर आले होते, त्यांच्या नोकरीत असा पूर्ण रमजान घरी क्वचितच मिळायचा. सेहरीला ते सगळ्यांच्या आधी उठायचे, बंब पेटवायचे आणि प्रत्येकाच्या तांब्यात कोमट पाणी ओतून ठेवायचे. आम्ही गोधडीतून बाहेर येत नव्हतो तर गरम हात गालाला लावायचे. तो हात अजून आठवतो. आज तोच बंब आम्ही पेटवतो. रमजान पुन्हा या ऋतूत येईल तेव्हा आमचीच ऐंशीकडे वाटचाल असेल. हा हिशेब आम्ही एकदा मनात केला आणि मोठ्याने कोणाला सांगितला नाही.

डॉक्टरांनी यंदा रोजे ठेवायला साफ मनाई केली आहे. पंप आणि मशीन दिवसातून अनेकदा लागते, आणि तोंडाने औषध सुटले तर पुन्हा तीच रात्र. अब्बांनी ऐकून घेतले. इंजिन रूमच्या उकाड्यात ज्यांनी रोजे सोडले नाहीत, त्यांना हे सांगताना आमचीच नजर खाली गेली. आजाऱ्याला सवलत दिलेली आहे हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी मन मानायला वेळ घेते. आम्ही मशिदीच्या मौलाना साहेबांना विचारले. ते म्हणाले, बरे होण्याची उमेद असेल तर नंतर बरे झाल्यावर कजा रोजे ठेवायचे, आणि उमेदच नसेल तर फिदिया द्यायचा.

घरी येऊन आम्ही हे अब्बांना सांगितले. फिदियाचे पैसे बाजूला काढून ठेवू का, असे विचारायचे होते. शब्द नीट जुळवत होतो. त्याआधीच ते म्हणाले, "बेटा, फिदिया नको. कजा लिहून ठेव. पाऊस सरला की ठेवीन, थंडी यायच्या आत." अम्मी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने भिंतीवरच्या कॅलेंडरचे सप्टेंबर-ऑक्टोबरचे पान उलटवून तिथे पेन्सिलीने खूण करून आल्या.

ते ठेवू शकतील की नाही, ते अल्लाह जाणे. पण त्या दिवसापासून घर बदलले. सगळा हिवाळाभर आम्ही थंडी गेली की जगू असे धरून चाललो होतो. अब्बांनी मात्र त्याच हिवाळ्यात नव्या कलमाचा मोहर ठेवला, पोपटीचा वाटा मागून घेतला आणि आता पुढच्या शरदाचे काम अंगावर घेतले. भिंतींना रंग आम्ही कालच लावायला सांगितला, आधी अंगणाकडच्या, म्हणजे त्यांना वास लागणार नाही. फूफींना फोन केला, रमजानच्या आधी या म्हणून. त्या परवा येत आहेत.

तात्या म्हणतात, होळी जळाली की थंडी पळाली. यंदा शिमगा रमजानातच येतो आहे. म्हणजे अजून थोडे दिवस आहेत. पण काल सकाळी कौलांवरून दहिवर गळले नाही. रस्त्याकडेच्या काटेसावरीला लाल फुले आली आहेत आणि एक कोकीळ बागेच्या पलीकडे ओरडत होता, अजून आवाज न लागल्यासारखा. नऊच्या सुमारास अब्बांनी कानटोपी काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि काठी मागितली. घरापासून सर्वात जवळचे कलम वीस पावलांवर आहे. मध्ये दोनदा थांबून ते तिथपर्यंत गेले. आम्ही मागे चार पावलांवर होतो, शाळेला उशीर होत होता.

त्यांनी एक एक फांदी बघितली आणि बोटांनी मोजले. चौदा फळे, लिंबाएवढी.

"दोन-चार अजून गळतील," ते म्हणाले. मग आमच्याकडे बघून, "तुम्ही जा शाळेत. मी बसतो इथे थोडा वेळ, ऊन चांगले आहे."

धाकट्याने पळत जाऊन खुर्ची आणली.